सातवाहनांच्या दारातला झेंडू

पाटबंधारे खात्यात मी तेहतीस वर्षं आरेखक होतो. आरेखक म्हणजे धरणाच्या कोनशिलेवर ज्याचं नाव नसतं तो. कोनशिलेवर शुभहस्ते असतात, प्रमुख उपस्थिती असते, अध्यक्षस्थान असतं. भिंत कागदावर आखणारा माणूस त्या दिवशी मांडवामागे चहाच्या रांगेत असतो. मला त्याचं दुःख नव्हतं. चहा बरा असायचा आणि भाषणं तिथवर नीट ऐकू येत नसत.

निवृत्तीनंतर मी अशी जागा शोधली जिथे समारंभ होण्याची शक्यता सर्वांत कमी असेल. मोजपट्टी, वही आणि पाण्याची बाटली घेऊन मी सकाळी पांडवलेणी चढू लागलो. ही लेणी पांडवांची नाहीत, हे नाशिकमध्ये बहुतेकांना माहीत आहे आणि कुणी मनावर घेत नाही. ती सातवाहनांच्या काळातली, ढोबळमानाने दोन हजार वर्षांपूर्वीची. खांबाच्या पायाशी कोरलेला घट, दारावरची पिंपळपानासारखी कमान, कठड्याची नक्षी यांची मापं घेऊन मी घरी आराखडे काढत असे. तिथला पहारेकरी पहिले दोन आठवडे संशयाने पाहत होता. तिसऱ्या आठवड्यापासून तो टेपचं दुसरं टोक धरू लागला.

पुतण्याने एक ब्लॉग करून दिला होता. त्यावर मी हे आराखडे टाकत असे. वाचक दोन होते. एक मी आणि दुसरा पुतण्या, असा माझा समज होता. मग एके दिवशी दुसऱ्या वाचकाचा मजकूर आला: ‘काका, तिसऱ्या लेण्यातल्या खांबाची उंची तुम्ही ओट्यापासून धरली आहे की जमिनीपासून?’

तेहतीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं आणि सोबत, विचारलेलं नसताना, आणखी दोन पानं लिहिली.

प्रश्न विचारणारी मखमलाबादच्या पुढे फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरातली सून होती. वय पस्तिशीच्या आसपास. लग्नाआधी तिने कॉलेज रोडवर अ‍ॅनिमेशनचा डिप्लोमा केला होता. लग्नानंतर तो कपाटात गेला. मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा दुपारी एक ते चार हा वेळ तिच्या हाती आला, आणि त्या वेळात ती एका कॉम्प्युटर गेमसाठी घरं बांधत होती.

हा गेम असा. पडद्यावर एक मोकळा मुलूख उघडतो. तुमच्याकडे चार-सहा गावकरी असतात. त्यांना लाकूड तोडायला, शेत पिकवायला, दगड फोडायला लावायचं, त्यातून घरं, बाजार, तटबंदी बांधायची आणि सैन्य उभं करायचं. बुद्धिबळासारखी इथे पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा थांबत नाही. जुन्या जगातली वेगवेगळी राज्यं त्यात आहेत, प्रत्येकाची घरं आणि बोली निराळी. गेम कुठल्या कंपनीचा नाही. जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात तो बनवतात, फुकट वाटतात आणि त्याच्या आतलं सगळं यंत्र उघडं ठेवतात. ज्याला वाटेल त्याने बघावं, दुरुस्त करावं आणि दुरुस्ती परत द्यावी. हे काम कित्येक वर्षं चालू आहे आणि अजून पुरं झालेलं नाही. कित्येक वर्षं चाललेल्या आणि पुऱ्या न झालेल्या कामांची मला सवय होती. फरक एवढाच, की याचं उद्घाटन कुणी केलेलं नव्हतं.

‘यात ग्रीक आहेत, रोमन आहेत, इराणी आहेत,’ तिने पहिल्या भेटीत सांगितलं, ‘आपल्याकडचे मौर्य पण आहेत. सातवाहन नाहीत. मी विचारलं, का नाहीत? ते म्हणाले, कुणी केले नाहीत म्हणून. तुम्ही करा.’

‘असं लगेच?’

‘लगेच. मला वाटलं अर्ज करावा लागेल.’

मी इतिहासाची तपासणी करायची आणि तिने घरं बांधायची, असं ठरलं. दहा इमारती हव्या होत्या: राहतं घर, कोठार, लोहारशाळा, बाजार, मंदिर वगैरे. प्रत्येक इमारत म्हणजे बारीक त्रिकोणांची एक जाळी आणि तिच्यावर चढवलेलं चित्र. ती इमारत करायची, चार बाजूंनी तिची चित्रं मला पाठवायची, मी माझ्या मापांशी ताडून पाहायचो आणि ‘तपासलं, बरोबर’ असा शेरा मारायचो. मग ते काम उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशातल्या गृहस्थाकडे जायचं. हा दिवसा ट्राम दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात गेममधल्या सगळ्या चित्रकामाची छाननी करायचा. त्याची पत्रं तीन ओळींची असत आणि तिसरी ओळ नेहमी ‘धन्यवाद, कौलं थोडी जाड वाटतात’ अशा धर्तीची.

माझी तपासणी कडक होती, असं मला वाटत होतं. तिने पहिल्या घराच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी त्या उचलायला लावल्या. बाजारात टोमॅटोचे क्रेट होते, तेही गेले. कोठाराच्या आढ्याला मक्याची कणसं टांगली होती, ती उतरवली. या तिघांच्या जन्मकुंडल्या मला पाठ होत्या. सगळे समुद्रापलीकडचे, पोर्तुगीजांच्या काळात आलेले.

‘काका, मग हे लोक खात काय होते?’ ती वैतागून म्हणाली.

‘मिरचीशिवाय खात होते आणि तरी रागीट होते.’

आवाजही लागणार होते. गावकऱ्यावर बोट ठेवलं की तो उत्तर देतो: काय, जातो, करतो. सातवाहनांचे गावकरी प्राकृतात बोलायला हवेत. शब्द मी काढून दिले: किं, गच्छामि, करेमि. बाईचा आवाज मात्र मिळेना. सुनेचा स्वतःचा आवाज मायक्रोफोनसमोर बातम्या वाचल्यासारखा व्हायचा. शेवटी तिने सासूबाईंना कांदाचाळीतल्या कोपऱ्यात, चारी बाजूंनी गोधड्या टांगून, बसवलं.

‘काय म्हणायचं?’

‘करेमि म्हणा, आई.’

‘म्हंजी?’

‘करते.’

‘कुणाला सांगायचं?’

‘राजाला. त्याने काम सांगितलंय.’

सासूबाईंनी क्षणभर राजाचा विचार केला आणि म्हणाल्या, ‘करेमि.’ त्या एका शब्दात होकार होता, पण राजाने स्वतः आजवर काय केलं हा प्रश्नही होता. एकाच दमात काम झालं. गेम तपासून पाहणाऱ्यांपैकी एकाने नंतर लिहिलं की सगळ्या राज्यांमध्ये हे एकच असं आहे जिथे गावकरी हुकूम ऐकते आणि खेळणारा ओशाळतो.

असं करत तीन वर्षं गेली. आणि मग गोठवणीची तारीख आली.

नवी आवृत्ती काढायच्या आधी हे लोक एक दिवस ठरवतात. त्या दिवसानंतर नवं काही घेत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करतात. त्याला ते फ्रीझ म्हणतात. मी गोठवण म्हणायचो. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजचं दार बंद झालं की उशिरा आलेला टेम्पो बाहेर राहतो, तसंच. ट्रामवाल्याने कळवलं होतं की दहाही इमारती दोषाविना आत आल्या तर सातवाहन या आवृत्तीत जातील. नाही आल्या तर ते मुख्य गेममधून बाजूला काढून सुटे ठेवले जातील. सुटी ठेवलेली राज्यं कुणी उतरवून घेत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

मी म्हणालो, ‘या वेळी नाही तर पुढच्या वेळी.’

‘पुढच्या वेळी नाही होणार, काका.’ ती शांतपणे म्हणाली. ‘दिवाळीनंतर पॉलिहाऊस उभं राहतंय. जरबेरा. पहाटे कापणी, दुपारी पॅकिंग. ते मीच बघायचं ठरलंय. माझी दुपार संपली.’

मग म्हणाली, ‘या गेमच्या शेवटी नावं येतात, बघितलंत का? ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची. आपलं नाव आपणच त्या यादीत घालायचं असतं, काम आत आलं की. माझं नाव सातबाऱ्यावर नाही, गाडीच्या आरसीवर नाही. लग्नपत्रिकेत होतं, त्यातही स्पेलिंग वेगळं. एकदा बघायचंय कसं दिसतं ते.’

कोनशिलांविषयीची माझी मतं मी त्या दिवशी सांगितली नाहीत.

गोठवणीला नऊ दिवस होते. दहाही इमारती आत गेल्या होत्या, सगळ्यांना पाहण्यासाठी ठेवल्या होत्या, कौतुक होत होतं. त्या कौतुकाचा वास आमच्या शहरातल्या एका इतिहासप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांनाही लागला आणि त्यांनी दसऱ्याला आमच्या सत्काराची घोषणा करून टाकली. आणि त्याच दुपारी मेक्सिकोतून एक पत्र आलं.

लिहिणारी बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि गेममधली झाडं करायची. तिने लिहिलं होतं: ‘तुमची घरं फार सुंदर आहेत. मी खूप वेळ पाहत बसले. एकच शंका आहे. दारांवरची नारिंगी फुलं आमची आहेत. आम्ही ती आमच्या मृतांच्या वाटेवर पसरतो. ती समुद्र ओलांडून तुमच्याकडे यायला अजून चौदाशे वर्षं आहेत. की माझी काही चूक होते आहे?’

तिची चूक होत नव्हती. मी घरातली तीन पुस्तकं उघडली आणि तिन्ही तिच्या बाजूने निघाली. झेंडू मिरचीच्याच जहाजातला.

दहाच्या दहा इमारतींच्या दारांवर झेंडूचं तोरण होतं. बाजारात झेंडूच्या राशी होत्या. आणि दहाही वेळा मी ‘तपासलं, बरोबर’ लिहिलं होतं. खांबांची उंची मी बोटाच्या पेराएवढ्या फरकाने धरली होती. मिरची पकडली, मका पकडला. झेंडू मला दिसलाच नाही. मला दार दिसलं. नाशिकमध्ये दार असं असतं.

मी तिला फोन केला. मन एव्हाना बचावाच्या तयारीला लागलं होतं. सरकारी नोकरीत ते आपोआप लागतं.

‘अगं, ती फुलं झेंडूचीच आहेत कशावरून? कुठलंही नारिंगी फूल असू शकतं. पळस म्हणू.’

‘काका, मी झेंडू समोर ठेवून केलाय तो. पाकळ्या मोजल्यात.’

‘कुणाला कळणार आहे?’

‘त्या बाईंना कळलं की.’

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. त्यांना कुठून तरी बातमी लागली होती.

‘तोरण काढायचं नाही,’ ते म्हणाले. ‘हा अस्मितेचा प्रश्न आहे.’

‘अध्यक्षसाहेब, झेंडू तेव्हा नव्हता.’

‘पुरावा?’

‘तीन पुस्तकं आहेत.’

‘पुस्तकं कुणी लिहिली? सातवाहन आपले. झेंडू आपला. मग झेंडू सातवाहनांचा. साधं गणित आहे.’

‘या हिशोबाने मिसळही त्यांचीच.’

अध्यक्षांनी फोन ठेवला. दोन दिवसांनी कळलं की सत्कार रद्द झाला आहे. गेल्या तीन वर्षांत अस्मितेने माझ्यासाठी केलेलं हे एकमेव उपयोगी काम.

पण खरी अडचण पुढे होती. तोरण पुसून टाकण्याएवढं सोपं नव्हतं. ते दाराच्या चौकटीतच विणलेलं होतं, त्याची सावली ओट्यावर पडलेली होती, आणि सगळ्या इमारतींवर चढवायच्या चित्राचा एक मोठा तुकडा झेंडूने भरलेला होता. तिच्या अंदाजाने एकेका इमारतीला एक अख्खी दुपार. इमारती दहा, दिवस नऊ. आणि हे नऊ दिवस दसऱ्याच्या आधीचे. फुलशेती करणाऱ्या घरात दसऱ्याआधी दुपार नावाची गोष्ट नसते. सकाळपासून अंधार पडेपर्यंत झेंडू खुडायचा, क्रेट भरायचे, टेम्पो फुलबाजारात रवाना करायचा. सून, सासू, नवरा, दीर, जाऊ, मजूर सगळे वावरात. वर्षाचा झेंडू या आठवड्यात विकला जातो.

दुसऱ्या दिवशी मी मखमलाबादला गेलो ते सांत्वन करायला. वावर नारिंगी झालं होतं. बांधावर सासूबाई क्रेटवर बसून पाणी पीत होत्या, शेजारी सून उभी होती.

‘काय झालं ते नीट सांगंल का कुनी?’ सासूबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या. ‘सकाळधरनं हिचं तोंड उतरलंय.’

मी सांगितलं. मेक्सिको, जहाज, चौदाशे वर्षं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘म्हंजी ती बाई म्हन्ती झेंडू त्यांचा हाय.’

‘हो.’

‘आसंल. आपला कधी व्हता? रोप तर दरसाली नर्सरीतनं आनतो.’

मला वाटलं, हे वाक्य अध्यक्षांना कळवावं. पण त्या पुढे बोलतच होत्या.

‘न् दाराला झेंडूच लागतो आसं कुनी सांगितलं? माझं म्हायेर त्र्यंबकाकडं. भाताचं गाव. आमी लहान व्हतो तव्हा दाराला आंब्याच्या पानांचा टाळा न् भाताच्या लोंब्या. झेंडू कुठं व्हता तिथं? लोंबी चांगली दिसायची. चिमन्या यायच्या.’

सून माझ्याकडे पाहत राहिली. भात होता. आंबा होता. भात या डोंगरांत तेव्हाही पिकत होता, आंबा तर इथलाच.

‘पण आई, नऊ दिवसांत...’ ती म्हणाली आणि वावराकडे हात केला.

सासूबाई उठल्या. पदर खोचला. ‘तू तिकडची खुड,’ त्या म्हणाल्या. ‘हितली आमी खुडतो.’

‘माणसं कमी पडतील.’

‘पडत्यात तर पडत्यात.’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘तुमी वो भाऊ? रिकामेच हायेत ना?’

‘तपासला तुम्हीच होता,’ सून हळूच म्हणाली.

अशा रीतीने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी झेंडू खुडायला लागलो. सकाळी सिटीबसने जायचं, डोक्याला रुमाल बांधायचा आणि ओळ धरायची. देठ नखाने कसा तोडायचा, कळी कशी सोडायची, हे मजूर बायकांनी शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांचे सहा क्रेट झाले तेव्हा माझा एक भरला.

‘भाऊ फुलं मोजून खुडत्यात का काय?’ एकीने विचारलं.

‘मापं घेत्यात,’ सासूबाई पुढच्या ओळीतून म्हणाल्या. ‘सवय हाय त्यांना.’

घरात, खिडकीशी, सून दुसरा झेंडू खुडत होती. एक चौकट मोकळी करायची, त्रिकोण काढायचे, भोकं बुजवायची, सावली नव्याने पाडायची. चार वाजता मी हात धुऊन तिच्यामागे जाऊन बसायचो आणि तपासायचो. हाताचा वास जात नसे. या वेळी मी सगळ्यावर संशय घेतला. ओट्यावरच्या केराच्या झाडूवरही.

‘काका, झाडू तरी असेल ना तेव्हा?’

‘असेल. पण असा बांधत असतील कशावरून?’

‘मग केर काढतच नव्हते असं समजू का?’

झाडू राहिला.

मेक्सिकोच्या बाईंना तिने पहिल्याच दिवशी कळवलं होतं: तुमचं बरोबर आहे, फुलं काढतो आहोत, त्याजागी आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या लावू. लोंब्या तिने स्वतः करायला घेतल्या. दीर त्र्यंबक रस्त्यावरच्या एका खाचरातून अर्धवट पिकलेली जुडी घेऊन आला होता. पानं मात्र राहत होती. पान साधं वाटतं, पण ते शेकड्यांनी टांगायचं असेल तर हलकं बनवावं लागतं, नाहीतर खेळणाऱ्याचा कॉम्प्युटर दमतो. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

‘पानांचं मी करते. तुम्ही बाकीचं बघा. माझ्या घरासमोर आंबा आहे. आमच्याकडे आंबा तुमच्या बाजूनेच आला, जुन्या गलबतांतून, झेंडू तुमच्याकडे गेला त्याच सुमाराला. सकाळी पानांचे फोटो काढले आहेत.’

सोबत फाईल होती. बारा पानं. एकाच्या कडेला किडीने खाल्लेलं. सुनेने ते खाल्लेलं पान मुद्दाम राजवाड्याच्या दारावर लावलं. माझ्या घराच्या फाटकात आंबा आहे, गेली तीस वर्षं मी त्याचा पाला झाडतो. पण सातवाहनांच्या दारावर मेक्सिकोतला आंबा टांगला आहे आणि मला त्यात काही चूक सापडत नाही. तपासलं. बरोबर.

मेक्सिकोच्या बाईंनी आणखी एकदा विचारलं होतं की फुलं काढायला लावल्याबद्दल आम्ही रागावलो तर नाही ना. त्यांना मी उत्तर लिहिलं. कोकणातल्या कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. मोठे लोक आहेत, व्यापारी आहेत आणि त्यांच्यात एक माळीही आहे. फुलांच्या माळा करणारा. त्याने कोणतं फूल ओवलं ते लिहिलेलं नाही, पण त्याचं नाव मात्र आहे. मी त्यांना लिहिलं की मला आता त्या माळ्याची जास्त काळजी वाटते; आपण त्याच्या टोपलीत भलतंच फूल ठेवलं होतं.

आठव्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नऊ इमारती झाल्या होत्या. बाजार राहिला होता, आणि तो सर्वांत कठीण, कारण त्यात फुलांच्या राशी. त्याच दिवशी खरा बाजारही होता. सकाळी सहाला नवरा आणि दीर दोन टेम्पो घेऊन गेले. सासूबाई त्यांच्याबरोबर गेल्या. वजनाच्या वेळी त्या हजर असल्या की काटा सरळ राहतो, असं घरात मानतात. वावरात मी आणि मजूर बायका. घरात सून.

तीनला ती ओट्यावर आली. ‘काका, राशींच्या जागी काय ठेवू? मोगऱ्याचा हा मोसम नाही.’

‘मोसम कुठला चाललाय तिथे?’

तीन वर्षांत हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. शेतात भात पिकलेला, दारावर लोंब्या. म्हणजे शरद.

‘कमळं,’ ती म्हणाली. ‘कमळं असतील तळ्यात.’ आणि आत गेली.

साडेपाचला काम गेलं. फाईल चढताना दोनदा तुटली, तिसऱ्यांदा चढली. ती पडद्याकडे पाहत उभी होती आणि मी तिच्या मागे नारिंगी बोटांनी. तेवढ्यात टेम्पो परत आले. सासूबाई उतरल्या, क्रेट मोजले, आणि दारातूनच विचारलं, ‘झालं का तुमचं खुडून?’

ट्रामवाल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. दसऱ्याचं जेवण झालं होतं. तीन ओळी होत्या: ‘दहाही इमारती घेतल्या. तोरणं आधीपेक्षा चांगली आहेत. कौलं अजून थोडी जाड वाटतात.’

ती हसली आणि मग आत निघून गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

आवृत्ती दिवाळीनंतर निघाली. मी पुन्हा मखमलाबादला गेलो, या वेळी नीट इस्त्रीचा शर्ट घालून. पॉलिहाऊसचे खांब उभे राहिले होते, वरचा प्लास्टिकचा कागद चढायचा होता. ओट्यावर लॅपटॉप ठेवला होता. सुनेने गेम लावला. सातवाहन निवडले. एक गावकरी बाई दारात उभी होती, डोक्यावर आंब्याचं तोरण. सुनेने तिच्यावर बोट ठेवलं.

‘किं?’ लॅपटॉपमधून सासूबाई म्हणाल्या.

‘काय म्हन्ती ती?’ ओट्यावरच्या सासूबाईंनी विचारलं.

‘काय, असं विचारतेय.’

‘मंग सांग की तिला काम. उभी का ठिवली?’

काम सांगितलं. करेमि, आवाज आला. सासूबाईंनी मान हलवली. आवाज त्यांना पसंत पडला होता.

मग तिने नावांची यादी लावली. यादी लांब होती आणि हळूहळू वर सरकत होती. नवरा उभा राहून बघत होता, जाऊ दारातून. सुनेने बोट ठेवलं.

‘हे मी.’

फक्त पहिलं नाव. माहेरचं की सासरचं आडनाव घालायचं यावर तिने दोन दिवस काढले होते आणि शेवटी दोन्ही वगळली होती. नवऱ्याने खाली वाकून ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग मोबाइल काढून त्याचा फोटो घ्यायला गेला. यादी वर गेल्यामुळे फोटो हुकला. तिने यादी पुन्हा पहिल्यापासून लावली.

‘न् मी कुठं हाय?’ सासूबाईंनी विचारलं.

सुनेने यादी थांबवली.

‘आवाज माझा,’ त्या म्हणाल्या. ‘राजा काम सांगतो, करते मी, न् नाव नाय?’

‘राहिलं, आई,’ सून म्हणाली. ‘गडबडीत राहिलं.’

‘ह्यांनी तपासलं आसंल,’ त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

तपासलं होतं. मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली होती आणि ‘बरोबर’ म्हणालो होतो.

‘आता पुढच्या आवृत्तीत घालता येईल,’ सून म्हणाली. ‘पण ती वर्षभराने.’

‘तव्हर तू हायेस ना तिथं?’

सून पॉलिहाऊसच्या खांबांकडे पाहू लागली. सासूबाईंनीही तिकडे पाहिलं, मग मुलाकडे.

‘दुपारी हिला बोलवायचं नाय,’ त्या म्हणाल्या. ‘प्याकिंग मी न् धाकली बघतो. हिचं काम आर्धं हाय आजून. माझं नाव लागायचंय.’

मुलगा म्हणाला, ‘बरं.’ एवढंच. पण त्या घरात ‘बरं’ म्हणजे ठराव मंजूर.

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. चुका नोंदवायची एक जागा असते, कुणीही नोंदवू शकतो. तिथे लिहिलं: ‘सातवाहन. एका स्वयंसेवकाचं नाव यादीत राहून गेलं आहे.’ खाली विचारलं होतं, काम कोणतं? मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी विचार केला.

‘आवाज,’ त्या म्हणाल्या. ‘न् खुडनी.’

दोन्ही लिहिलं. शेवटी तातडी किती, असा रकाना होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही कागदावर ‘तातडीचं’ असा शेरा मारला नव्हता. तो मारणाऱ्यांविषयी माझं मत बरं नव्हतं. तो निवडला आणि पाठवून दिलं.